कर्ज मंजूर झाले, पुढे विचारायचे कोणाला?

गोंदिया जिल्ह्यातील महिला उद्योगांना योजनांपेक्षा सोबतीची उणीव अधिक

गोंदिया : महिलांच्या छोट्या उद्योगांची चर्चा सुरू झाली की ती कर्जाची रक्कम आणि अनुदानाची टक्केवारी यांवर येऊन थांबते. किती बचत गटांना कर्ज मिळाले, किती प्रकरणे बँकांनी मंजूर केली, उद्दिष्टाच्या किती टक्के वाटप झाले, हे आकडे सहज सांगितले जातात. त्या कर्जातून उभे राहिलेले किती उद्योग दुसऱ्या वर्षीही चालू होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गोंदियासारख्या राज्याच्या पूर्व टोकावरील जिल्ह्यात हाच प्रश्न खरा निर्णायक आहे.

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार १३ लाख २२ हजार असून, दर हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया हे येथील प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरेच चांगले आहे. दर शंभरांतील सुमारे त्र्याऐंशी जण खेड्यांत राहतात. धान, तेंदूपाने, मोहफुले, लाख आणि तलावांतील मासळी यांवर येथील अर्थकारण उभे आहे. या प्रत्येक व्यवसायात स्त्रीचे श्रम आहेत; व्यवहार मात्र बहुधा दुसऱ्याच्या हाती राहिला आहे.

बिडी व्यवसायाचे उदाहरण बोलके आहे. भंडारा-गोंदिया पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या स्त्रिया घरी बसून बिड्या वळत आल्या. पान आणि तंबाखू ठेकेदाराचा, माल मोजून घेणारा तोच, त्यातील काही नापास ठरविणाराही तोच. या पद्धतीत कामाचे कसब हाती येते, परंतु कच्चा माल कोठून घ्यावा, भाव कसा ठरवावा, ग्राहक कसा टिकवावा, यांतील एकही निर्णय घेण्याची वेळ त्या स्त्रीवर येत नाही. मोहफुलांचेही फारसे वेगळे नाही. पहाटे उठून फुले वेचायची, ती वाळवायची आणि हंगामात व्यापारी देईल त्या भावाने विकायची, हा रिवाज. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलांचा साठा आणि वाहतूक यांवरील निर्बंध उठविले. त्यामुळे प्रक्रिया उद्योगाची वाट कायद्याने मोकळी झाली. ती वाट चालून दाखविणारी माणसे मात्र शासन निर्णयाने निर्माण होत नाहीत.

योजनांची वाण नाही

मदतीच्या यंत्रणा कमी आहेत, असे कोणीही म्हणू शकणार नाही. महिला आर्थिक विकास महामंडळाची, म्हणजे ‘माविम’ची, स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ रोजी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात झाली. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या साह्याने २००७ पासून राबविलेल्या ‘तेजस्विनी’ कार्यक्रमात या महामंडळाने राज्यभर तीनशेहून अधिक लोकसंचालित साधन केंद्रे उभी केली. बचत गटांतील स्त्रियांनीच चालविलेली ही केंद्रे आहेत. त्यानंतरच्या ‘नव तेजस्विनी’ प्रकल्पाचा भर तर उघडपणे उद्योगविकासावर ठेवण्यात आला. ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, म्हणजे ‘उमेद’चे, गट, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ हे जाळे गावोगावी पोहोचले आहे. जिल्हा उद्योग केंद्रामार्फत २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू झाला, त्यात महिलांसाठी किमान ३० टक्के वाटा राखण्यात आला. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या मुद्रा योजनेत देशभरातील सुमारे दोन तृतीयांश खाती स्त्रियांची आहेत. जून २०२० मध्ये आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आणि बचत गटाच्या सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद करण्यात आली.

एवढे असूनही चित्र काय आहे? केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने २०२४च्या प्रारंभी दिलेल्या आकडेवारीनुसार ‘उद्यम’ संकेतस्थळावर नोंदलेल्या उद्योगांपैकी सुमारे २० टक्के उद्योग स्त्रियांच्या मालकीचे होते. एकूण उलाढालीत मात्र त्यांचा वाटा जेमतेम १० टक्के होता. याउलट, अगदी लहान आणि असंघटित व्यवसायांसाठी २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘उद्यम साहाय्य’ मंचावरील नोंदींत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ७० टक्के होते. हे आकडे देशाचे आहेत, तरी त्यांचा अर्थ गोंदियालाही लागू पडावा. स्त्रिया व्यवसायात उतरत नाहीत, ही जुनी तक्रार आता टिकणारी नाही. त्या मोठ्या संख्येने उतरतात आणि पहिल्याच पायरीवर थांबतात.

महाराष्ट्राने डिसेंबर २०१७ मध्ये महिला उद्योजकांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले, तेव्हा महिला उद्योगांचा वाटा ९ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. भांडवली अनुदान, व्याजात आणि वीजदरात सवलत अशी त्याची रचना होती. ज्या उद्योगाला वीजजोडणी, ताळेबंद आणि कारखान्याची जागा आहे, त्याला हे लाभ मिळू शकतात. घराच्या पडवीत पापड, कुरड्या किंवा मोहाचे लाडू करणाऱ्या गटाला त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठीच आधी कोणाचा तरी हात धरावा लागतो.

हिशेब कोठे चुकतो?

ही सोबत नेमकी कशासाठी हवी, हे एका साध्या हिशेबावरून कळेल. समजा, एका गटाला किलोभर पापडांसाठी डाळ, तेल, मसाला आणि पिशवी मिळून १८० रुपये खर्च येतो आणि दुकानात ते पापड २४० रुपयांना विकले जातात. वरकरणी ६० रुपये सुटले. परंतु दुकानदाराने १५ टक्के म्हणजे ३६ रुपये कापून घेतले, तर हाती २४ रुपये उरतात. किलोभर पापड लाटण्यास आणि वाळविण्यास तीन तास लागत असतील, तर बाईच्या श्रमाला ताशी आठ रुपये मिळाले. फुटलेले पापड, पावसाळ्यात वाया गेलेला माल आणि उधारीवर अडकलेली रक्कम यात अजून धरलेलीच नाही. स्वतःच्या मजुरीची किंमत मांडण्याची सवय नसल्यामुळे हा तोटा वहीत कधीच दिसत नाही. वर्षभराने गट थकतो, कामाला येणाऱ्यांची संख्या घटते आणि ‘बायकांत एकी नव्हती’ असा निष्कर्ष काढून गाव मोकळे होते.

शेतीच्या वेळापत्रकाचीही अशीच गाठ आहे. धानाच्या रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक स्त्री बांधीत असते. त्या आठवड्यांत उद्योग बंद पडतो, पण कर्जाचा हप्ता थांबत नाही. रोवणीपूर्वी किती माल तयार ठेवावा, हप्त्याची तारीख आधीच कशी ठरवून घ्यावी, याचे उत्तर कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत नसते. ज्या स्त्रीने अशी दोन-चार वर्षे काढली आहेत, तिच्यापाशी ते असते. अन्नपदार्थ विकण्यासाठी लागणारी नोंदणी, पाकिटावर छापावयाचा मजकूर, वजनमापाचे नियम, पावतीपुस्तक, मोबाइलवरून स्वीकारलेल्या पैशांची नोंद, घाऊक व्यापाऱ्याशी भाव करणे, हे सारे शिकता येण्यासारखेच आहे. पण अडचण ज्या दिवशी येते, त्या दिवशी विचारता येईल असे कोणीतरी जवळ असावे लागते.

नैरोबीतील एक प्रयोग

सोबतीचे महत्त्व ही केवळ भावनेची बाब नाही. केनियाची राजधानी नैरोबी येथील दंदोरा वस्तीत अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने छोटे व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही जणींना व्यवसायाचे वर्गातील प्रशिक्षण देण्यात आले. काही जणींची त्याच वस्तीतील अनुभवी आणि यशस्वी व्यावसायिक स्त्रीशी गाठ घालून दिली. वर्गात शिकलेल्यांच्या नफ्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. अनुभवी मार्गदर्शक लाभलेल्यांचा नफा मात्र सरासरी २० टक्क्यांनी वाढला. कारणही साधे होते. माल स्वस्त कोठे मिळतो, कोणता पुरवठादार बरा, ही स्थानिक माहिती त्यांना मिळाली. याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. भेटी थांबल्या, तसा हा लाभही ओसरत गेला.

आपल्याकडील एक अनुभव याला जोडून पाहता येतो. अहमदाबादेत ‘सेवा’ बँकेच्या ग्राहक स्त्रियांसाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात काही जणींना मैत्रिणीला बरोबर आणण्यास सांगितले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले, की मैत्रिणीसह आलेल्या स्त्रियांनी व्यवसायासाठी कर्ज घेण्याचे प्रमाण अधिक होते आणि त्यांचा व्यवसायही अधिक वाढला. शिकविलेले तेच, शिक्षकही तेच. बरोबर कोणी आहे, एवढाच काय तो फरक.

घरातील व्यवहाराकडेही डोळेझाक करून चालणार नाही. भारत, श्रीलंका आणि घाना येथील अभ्यासांची २०१९ मध्ये फेरतपासणी झाली, तेव्हा स्त्रीच्या नावावर आलेले भांडवल अनेकदा घरातील पुरुषाच्या व्यवसायात गुंतविले जाते, असे दिसून आले. जेथे स्त्रीचा व्यवसाय हाच घरातील एकमेव व्यवसाय होता, तेथे भांडवलावरील परताव्यात स्त्री आणि पुरुष यांच्यात फरक उरला नाही. कर्ज तिच्या सहीने आणि निर्णय दुसऱ्याचा, ही स्थिती गोंदियातही अपरिचित नाही. घरातील मंडळींसमोर बसून ‘हा पैसा या धंद्याचा आहे’ असे सांगू शकणारी वडीलधारी स्त्री मिळाली, तर बँकेच्या दहा नोटिसांपेक्षा तिचा शब्द अधिक उपयोगी पडतो.

महाराष्ट्राची स्वतःची पुण्याई

हा धडा परदेशातून आणावा लागावा, असेही नाही. मुंबईच्या गिरगावात मार्च १९५९ मध्ये सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटण्यास प्रारंभ केला आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. ही कथा सांगताना ८० रुपयांचा उल्लेख नेहमी होतो. ते पैसे देणारे समाजसेवक छगनलाल पारेख यांनी हिशेब चोख ठेवण्याचा आणि उद्योग व्यापारी शिस्तीने चालविण्याचा जो आग्रह धरला, त्याचा उल्लेख तुलनेने कमी होतो. रक्कम क्षुल्लक होती; मार्गदर्शन क्षुल्लक नव्हते. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. केवळ बँक पुरेशी नाही हे ओळखून २००६ मध्ये त्याच चळवळीने ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगशाळा काढली. कर्ज आणि शिकवणूक एकाच छपराखाली आणण्याचा हा प्रयत्न दुष्काळी माण तालुक्यात झाला, हे विशेष.

गोंदियातही अशा परंपरेचे बीज आहे. अर्जुनी मोरगाव परिसरातील माजी मालगुजारी तलावांच्या पुनरुज्जीवनाचे काम भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला बरोबर घेऊन केले. त्यात स्त्रियांचे गट पुढे आले. कोणती पाणवनस्पती कोणत्या माशाला मानवते, हे ज्ञान समाजातील जुन्याजाणत्यांकडेच होते. संस्थेने त्याला प्रतिष्ठा आणि रचना दिली. जाणकार माणूस गावातच असतो, त्याला शोधून कामाला लावावे लागते, हेच यातून दिसते.

मोबदला कशाचा?

मग सध्याच्या यंत्रणेत नेमके कोठे अडते? उत्तर मोबदल्याच्या रचनेत आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती नेमण्याची चांगली कल्पना होती. परंतु मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार तिला प्रत्येक प्रकरणामागे २० हजार रुपये मिळावयाचे. त्यातील अर्धी रक्कम बँकेने कर्ज मंजूर केल्यावर आणि उरलेली नोंदण्या, प्रशिक्षण पूर्ण होऊन उद्योग सुरू झाल्यावर. म्हणजे ज्या दिवशी उद्योजिकेच्या खऱ्या अडचणी सुरू होतात, त्याच दिवशी मार्गदर्शकाचा हिशेब पूर्ण होतो. यात त्या व्यक्तीचा दोष नाही. ज्या कामाचे पैसे मिळतात तेच काम होते, हा व्यवहाराचा नियम आहे.

बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या नियमांत प्रशिक्षणानंतर दोन वर्षे पाठपुरावा अपेक्षित आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे; तथापि एक संचालक आणि मोजके प्रशिक्षक यांनी नवे वर्गही घ्यायचे आणि आठ तालुक्यांत विखुरलेल्या जुन्या प्रशिक्षणार्थींकडेही जायचे, ही अपेक्षा कागदावर शोभणारी आहे. ‘माविम’च्या सहयोगिनी आणि ‘उमेद’च्या समुदाय संसाधन व्यक्ती गावात वावरतात, स्त्रिया त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात; पण त्यांचा बराच वेळ गट बांधणी, बैठका आणि नोंदवह्या यांत जातो. गाव पातळीवर उद्योग-मार्गदर्शक घडविणारा स्टार्टअप ग्रामोद्योजकता कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला. तो या गरजेच्या सर्वांत जवळ जाणारा. मात्र तो निवडक तालुक्यांपुरता आणि ठरावीक मुदतीचा ठेवण्यात आला.

त्यातच अंतराचा प्रश्न आहे. तांदूळ गिरण्या, घाऊक बाजार, कर सल्लागार आणि जिल्हा कार्यालये गोंदिया शहरात एकवटली आहेत. आमगाव, सालेकसा आणि तिरोडा हावडा-मुंबई लोहमार्गावर आहेत. देवरीला रेल्वे नाही. एका सहीसाठी देवरीहून गोंदियाला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी, प्रवासभाडे आणि घरी मुलांची व्यवस्था असा तिहेरी खर्च. जी सेवा शहरातील उद्योजिकेला अर्ध्या तासात मिळते, तिच्यासाठी जंगलपट्ट्यातील स्त्रीने एवढे मोजावे, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

पुढील वाट

यावर उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक तालुक्यात किमान पाच वर्षे व्यवसाय यशस्वीपणे चालविलेल्या स्त्रियांची यादी लोकसंचालित साधन केंद्र आणि प्रभागसंघ यांनी मिळून तयार करावी. अशा प्रत्येकीकडे चार-पाच नव्या उद्योजिका सोपवाव्यात आणि महिन्यातून दोन भेटींचे मानधन तिला द्यावे. आपली प्रतिस्पर्धी कोण कशाला घडवील, अशी शंका येथे रास्त आहे. म्हणून एकाच बाजारातील दोघींची जोडी न लावता आमगावची अनुभवी स्त्री अर्जुनी मोरगावच्या नवख्या स्त्रीशी जोडावी. मानधनाचा काही भाग राखून ठेवून तो उद्योग दोन वर्षे टिकल्यावर द्यावा. शहरातील निवृत्त बँक अधिकारी आणि कर सल्लागार यांनी आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या ठिकाणी बसावे. भाव ठरविणे, हिशेब आणि विक्री ही कामे एकेका गटाने वेगवेगळी करण्याऐवजी साधन केंद्राने शुल्क आकारून करावीत.

बाजारपेठेच्या बाजूने एक संधी आधीच उपलब्ध आहे. केंद्र सरकारची खाती व उपक्रम यांच्या खरेदीतील ३ टक्के हिस्सा महिलांच्या सूक्ष्म व लघुउद्योगांकडून घेण्याची तरतूद २०१८ मध्ये करण्यात आली. निविदा भरणे, ठरलेल्या वेळी सारख्या दर्जाचा माल देणे आणि देयक मिळेपर्यंत तग धरणे यांसाठी मात्र पुन्हा मार्गदर्शकच लागतो. मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत माल चांगला खपतो. परतल्यावर तोच ग्राहक वर्षभर कसा टिकवावा, हे सांगणारे कोणी नसेल, तर प्रदर्शन वार्षिक जत्रेपुरते उरते.

ऑगस्ट २०२४ मध्ये जळगाव येथे पंतप्रधानांच्या हस्ते ११ लाख नव्या ‘लखपती दीदीं’चा गौरव करण्यात आला. देशात अशा तीन कोटी स्त्रिया घडविण्याचे उद्दिष्ट तेव्हा होते. वर्षाला लाख रुपये कमावण्याची ही कसोटी एकदा पार करणे आणि सलग पाच वर्षे पार करीत राहणे, यांत मोठे अंतर आहे. ते पार करून देणारी व्यवस्था जिल्ह्यालाच उभारावी लागेल. अग्रणी बँकेच्या पुढाकाराने दर तिमाहीला होणाऱ्या जिल्हा सल्लागार समितीच्या बैठकीत कर्जवाटपाचा तक्ता मांडला जातो. त्या तक्त्यात ‘दोन वर्षांनंतर चालू असलेले महिला उद्योग’ असा एक रकाना वाढविला, तरी प्रारंभ होईल. तो रकाना भरण्यासाठी कोणाला तरी गावोगावी जाऊन पाहावे लागेल, आणि आजवर कर्जापाशी थांबलेली यंत्रणा त्या निमित्ताने तरी उद्योजिकेच्या दारापर्यंत पोहोचेल.